गिरजाबाईंच्या हातची गाडी

बुद्धरत्नाने घेतलेली पिकअप काळेवाडीच्या गल्लीत शिरली तेव्हा तिची पुढची दोन चाकं टोइंगवाल्याच्या हुकाला लटकत होती आणि मागच्या हौद्यात एक बोगनवेल अजून तग धरून उभी होती. गल्लीतली माणसं दारात येऊन बघायला लागली. बुद्धरत्नाची आई गिरजाबाई भाकरी थापत होत्या. तव्यावरची भाकरी उतरवून, पिठाचे हात पुसत त्याही बाहेर आल्या. गाडीचं पुढचं मडगार्ड गंजून चाळणी झालं होतं, बॉनेटवर खड्डेच खड्डे होते आणि डावा दरवाजा मधोमध आत गेला होता.

त्यांचे यजमान ज्ञानदेव ओट्यावरच्या खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "सगळा जन्म वेल्डिंग करण्यात गेला," ते म्हणाले, "आता पोरानं लोखंड दारातच आणून टाकलं."

गिरजाबाई पायरी उतरल्या. गाडीला एक फेरी मारून त्या डाव्या दरवाजापाशी थांबल्या, डोळे मिटले आणि तळहात पत्र्यावर ठेवून हळूहळू वरून खाली आणला. मग आडवा फिरवला. मग पुन्हा भाकरी करायला आत गेल्या.

हाताला ही सवय भोसरीच्या कंपनीने लावली होती. बार्शीकडच्या गावातून लग्न होऊन त्या काळेवाडीत आल्या, तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. पुढे दोन मुलं झाली, ज्ञानदेवांच्या एकट्याच्या पगारात भागेना, म्हणून त्या एका लहान कंपनीत लागल्या. तिथे टेम्पोचे दरवाजे आणि बॉनेटं प्रेसवर दाबून निघत. दाबलेला पत्रा टेबलावर आला की बायकांनी सुती हातमोजा घालून त्यावरून हात फिरवायचा आणि कुठे उंचवटा, कुठे दबका लागला तर खडूने गोल करायचा. उंचवट्याला फुली, दबक्याला नुसता गोल. मग पत्रा पुढच्या टेबलावर जायचा आणि तिथले पुरुष हातोडीने तो सरळ करायचे. गिरजाबाईंनी हे काम चोवीस वर्षं केलं. डोळ्यांना दिसत नाही असा कागदाच्या जाडीचा दबका त्यांच्या हाताला लागायचा. नव्या साहेबांना खोटं वाटायचं, ते पट्टी लावून बघायचे आणि गप्प बसायचे.

एकदा पुढच्या टेबलावरचा माणूस आला नव्हता, काम तुंबलं होतं. गिरजाबाईंनी खडू ठेवला आणि हातोडी उचलली. सुपरवायझर चांगला माणूस होता, ओरडला नाही. "ताई, ठेवा ते. ते तुमचं काम नाही," म्हणाला आणि हातोडी स्वतःच्या हाताने खणात ठेवून गेला. गिरजाबाईंना तेव्हा राग आला नव्हता. पण पत्र्यात काय बिघडलं आहे हे आपल्याला कळतं आणि ते दुरुस्त होताना आपण दुसऱ्या टेबलापाशी असतो, हे त्या दिवसापासून त्यांच्या लक्षात राहिलं. पुढे कंपनी चाकणला हलली, रोजचा तो प्रवास गुडघ्यांना झेपेना, म्हणून त्यांनी काम सोडलं.

बुद्धरत्नही चाकणलाच होता, पण मोठ्या कंपनीत. मोटारीचं अंग जिथे जोडलं जातं त्या लाइनवर तो रोबो सांभाळायचा. पिवळे हात खाली यायचे, ठिणग्या उडायच्या, पुढची बॉडी सरकायची. नऊ वर्षं तो काचेच्या अलीकडून हे बघत होता. ही पिकअप त्याला पुनावळ्यात दिसली. एका नर्सरीत ती रोपांची मांडणी म्हणून उभी होती, हौद्यात माती भरून त्यात झाडं लावलेली. नर्सरीची जागा बिल्डरकडे गेली होती आणि सगळं उचलायचं होतं. मालक म्हणजे गावातले जुने आजोबा. त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी ती गाडी दुधासाठी घेतली होती, कागदपत्रं डब्यात नीट जपून ठेवली होती. "घ्यून जा बाबा," ते बुद्धरत्नाला म्हणाले, "न्हाईतर भंगारवाला कापंल तिला. माज्यासमोर नगं कापायला."

गाडी ठेवायची कुठे, हा प्रश्न मारुतरावांनी सोडवला. गल्लीच्या टोकाला त्यांची पत्र्याची शेड होती. पस्तीस वर्षं त्यांनी तिथे डेंटिंगचं काम केलं होतं. आता उजवा खांदा गेला होता, हात छातीच्या वर उचलत नव्हता आणि शेड नुसतीच उघडून ते दिवसभर खुर्चीवर बसत. गाडी ठेवा, अवजारं वापरा, गॅस वापरा, असं त्यांनी सांगितलं, मात्र काम तुमचं तुम्ही करायचं, मी बसून सांगणार.

सुरुवातीचं काम गिरजाबाईंच्या ओळखीचं होतं. रंग खरवडायचा, गंज घासायचा. बुद्धरत्नाची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. तो कधी सकाळी असायचा, कधी नुसताच जेवायच्या वेळेपर्यंत. गिरजाबाई मात्र रोज सकाळचं आवरून शेडमध्ये जायच्या आणि पॉलिश पेपर घेऊन बसायच्या. हौद्यातली माती निघाली तेव्हा खालचा पत्रा मातीबरोबरच निघून आला. बुद्धरत्नाने नवा पत्रा कापून बसवला. गॅसची ज्योत किती ठेवायची यावरून त्याचं आणि मारुतरावांचं जमेना, तेव्हा ज्ञानदेव काठी टेकत आले, लांबूनच दोन गोष्टी सांगितल्या आणि परत गेले. दुसऱ्या दिवसापासून ते रोज चहाचा थर्मास घेऊन यायला लागले.

मार्च महिन्यात डाव्या दरवाजाची पाळी आली. बुद्धरत्नाला घाई झाली होती. मोबाइलवर त्याने दहा व्हिडिओ बघितले होते. त्याने दोन सुट्ट्या घालवून दरवाजाच्या खड्ड्यांत पुट्टी भरली, वाळवली, घासली आणि वर प्राइमरचा हात मारला. दरवाजा खरोखर नव्यासारखा दिसायला लागला. त्याने आईला हाक मारून बोलावलं.

गिरजाबाईंनी डोळे मिटले, हात फिरवला. मग पर्समध्ये हात घालून खडूचा तुकडा काढला. तो त्या अजून बाळगत होत्या. एकामागून एक त्यांनी दरवाजावर अकरा गोल काढले.

बुद्धरत्नाचा चेहरा पडला. "आई, हे काय कंपनीतलं इन्स्पेक्शन आहे का? जुनी गाडी आहे. एवढं कोण बघतंय?"

"हाताला लागतंय, रतन," गिरजाबाई म्हणाल्या. "मी काय करू?"

मारुतराव खुर्चीतून उठले आणि त्यांनी दरवाजाच्या मधोमध बोटाने टिचकी मारली. भिंतीवर मारावी तसा बसका आवाज आला. बोटभर पुट्टी बसली आहे, दोन उन्हाळ्यांत तडा जाऊन ढलपे पडतील, खालचा पत्रा आहे तसाच आत गेलेला आहे, असं त्यांनी सांगितलं. बुद्धरत्नाने हात पुसले. कंपनीची बस यायची वेळ झाली होती. डबा घेऊन तो निघून गेला आणि जाताना त्याने आईकडे बघितलं नाही.

 मग गिरजाबाईंनी धारेची लोखंडी पट्टी घेतली आणि पुट्टी खरवडायला सुरुवात केली. दुपार होईपर्यंत दरवाजा पुन्हा उघडा पडला. आत गेलेला पत्रा, त्याच्या कडेला उठलेली घडी, सगळं दिसायला लागलं. त्यांनी त्यावर नव्याने खडू फिरवला. उंचवट्यांना फुल्या, दबक्यांना गोल.

मारुतराव हे सगळं बघत होते. ते आत गेले आणि डाव्या हाताने दोन वस्तू घेऊन आले. एक लांब दांड्याची हलकी हातोडी आणि एक तळहाताएवढा गुळगुळीत लोखंडी ठोकळा.

"माझा हात चालत नाही, वहिनी," ते म्हणाले. "पोराला दिसत नाही. तुम्हाला दिसतंय, तर तुम्हीच ठोका."

गिरजाबाईंनी हातोडी घेतली आणि ती वजनाला किती हलकी आहे याचंच त्यांना नवल वाटलं. इतकी वर्षं ती जड असेल असं त्या धरून चालल्या होत्या. मारुतरावांनी त्यांना उभं कसं राहायचं, ठोकळा आतल्या बाजूने कसा धरायचा, मनगट कसं सैल ठेवायचं ते दाखवलं. जोर लावायचा नाही, हातोडी आपल्या वजनाने पडू द्यायची. पहिल्या दिवशी त्यांचे निम्मे घाव ठोकळ्याच्या बाहेर पडले. चौथ्या दिवशी घाव आणि ठोकळा एकमेकांना भेटायला लागले आणि तसा आवाज यायला लागला. हा आवाज त्यांनी शेजारच्या टेबलावरून चोवीस वर्षं ऐकला होता, त्यामुळे आपलं बरोबर येतंय की चुकतंय हे त्यांना न सांगता कळत होतं.

पण कळणं वेगळं आणि हाताला आवरणं वेगळं. दरवाजा वर येतोय हे बघून त्यांना हुरूप आला आणि त्या ठोकतच राहिल्या. एका सकाळी त्यांनी मधल्या भागावर हात ठेवला, तर पत्रा डब्याच्या झाकणासारखा टुबुक करून आत गेला. सोडला की टुबुक करून बाहेर. जास्त ठोकून पत्रा ताणला गेला होता, पसरला होता आणि त्याला आता मावायला जागा उरली नव्हती. गिरजाबाईंनी असे पत्रे कंपनीत पाहिले होते. ते सरळ भंगारात जायचे.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. सून मिनल कामावरून आली तेव्हा त्या कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या, एकच घडी पुन्हा पुन्हा मोडून. मिनलने दोनदा विचारल्यावर त्यांनी सांगितलं की पोराच्या गाडीचा दरवाजा आपण घालवला. ज्याने निदान पुट्टी तरी नीट भरली होती, त्याचं काम खरवडून काढलं आणि वर पत्रा बिघडवला. मिनलने नवऱ्याला ते लगेच सांगून टाकलं. गिरजाबाईंना वाटलं होतं की तो चिडेल. पण पुढच्या सुट्टीला बुद्धरत्न सकाळी लवकर उठला, आंघोळ करून आईच्या आधी शेडवर जाऊन बसला.

मारुतरावांना यात विशेष काही वाटलं नव्हतं. ताणलेला पत्रा मागे घेता येतो, पण त्याला दोन माणसं लागतात, म्हणून मी थांबलो होतो, असं ते म्हणाले. त्यांनी बुद्धरत्नाच्या हातात गॅसचा नळा दिला आणि गिरजाबाईंच्या हातात हातोडी. बाजूला पाण्याची बादली आणि त्यात भिजवलेलं गोणपाट ठेवलं. ज्योत बारीक करून पत्र्यावर एक रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका लाल करायचा. लाल झाला की ज्योत बाजूला घ्यायची. लगेच त्या ठिपक्याभोवती चार हलके घाव, आणि पत्रा काळा पडायच्या आत ओलं गोणपाट दाबायचं.

"रतन, तू सांग आता म्हणून," गिरजाबाई म्हणाल्या.

ठिपका आधी तपकिरी झाला, मग निळा, मग लाल. "आता," बुद्धरत्न म्हणाला आणि मागे सरकला. गिरजाबाईंनी चार घाव घातले, गोणपाट दाबलं. चर्र आवाज करून वाफ दोघांच्या तोंडावर आली. पहिल्या ठिपक्याने काही फरक पडला नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या वेळी बुद्धरत्नाने ज्योत जरा जास्त धरली, तर मारुतरावांनी खुर्चीतूनच नुसतं "हं" केलं. सहाव्या ठिपक्यानंतर गिरजाबाईंनी पत्र्यावर तळहात ठेवून दाबलं. पत्रा जागचा हलला नाही. त्यांनी पुन्हा दाबून बघितलं. मग मुलाचा हात धरला आणि त्या जागी ठेवला.

तो तसाच हात ठेवून उभा राहिला. "आई, खरं सांगू का," तो म्हणाला, "नऊ वर्षं झाली, रोज माझ्यासमोरून गाड्या जातात. त्यातल्या एकाही पत्र्याला मी कधी असा हात लावला नाही."

"लावू देत न्हाईत व्हय?"

"गरजच पडत नाही."

गिरजाबाईंना याचं वाईट वाटलं. त्यांनी फक्त एवढंच केलं की त्या दिवसापासून घासायला बसताना एक पेपर त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवायला लागल्या, आणि प्रत्येक भाग झाला की आधी त्याला डोळे मिटून हात फिरवायला लावायला लागल्या. सुरुवातीला त्याला काहीच लागायचं नाही. सगळा तळहात नको, बोटांची मुळं टेकव, त्या सांगायच्या. हात ओढू नको, जाऊ दे आपला आपण.

उन्हाळाभर काम चाललं. बॉनेटचे खड्डे गिरजाबाईंनी एकटीने काढले. मडगार्डांच्या कडा गंजून गेल्या होत्या, तिथे बुद्धरत्नाने पट्ट्या जोडल्या आणि त्या गोलाईला आणायला आईने तीन आठवडे घेतले. दुपारी शेडचा पत्रा तापला की सगळे बाहेरच्या लिंबाखाली बसत. मारुतराव जुन्या गाड्यांच्या गोष्टी सांगत, ज्ञानदेव त्यांतल्या चुका काढत. एकदा भोसरीच्या कंपनीतली गिरजाबाईंची मैत्रीण सुमनताई चिंचवडला बहिणीकडे आली होती, ती वाट वाकडी करून शेडवर आली. गिरजाबाईंच्या हातात हातोडी बघून तिने आधी विश्वासच ठेवला नाही. मग स्वतः मडगार्डवर हात फिरवला, सवयीने खडू मागितला, पण गोल काढायला तिला जागा सापडली नाही. जाताना ती म्हणाली की आपल्या टेबलावर आपण दहा-बारा जणी होतो, सगळ्यांना येऊन बघायला सांगते.

रंगाचं ठरवायची वेळ आली तेव्हा बुद्धरत्नाने ते आईवर सोपवलं. गिरजाबाई अडचणीत पडल्या. त्यांच्या टेबलावर पत्रा यायचा तो करडा, जायचा तो करडा. रंग कुठेतरी दुसरीकडे, दुसऱ्या कंपनीत व्हायचा. रस्त्याने जाणारे टेम्पो बघून यातला आपण हात लावलेला कोणता हे त्यांना कधी ओळखू आलं नव्हतं. त्या मिनलला घेऊन चिंचवडला रंगाच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने शेडकार्ड पुढ्यात टाकलं. गिरजाबाईंनी ते उन्हात नेऊन बघितलं, सावलीत आणून बघितलं. मिनलला वाटलं होतं की त्या निळा घेतील, ज्ञानदेवांनीही तेच सांगून पाठवलं होतं. गिरजाबाईंचं बोट मात्र एका फिक्या हिरव्यावर येऊन थांबलं. गावाकडे ज्वारी गुडघ्याएवढी झाली की सकाळी शिवार असं दिसायचं, एवढंच त्या मिनलला म्हणाल्या. दुकानदाराने रंगाचा नंबर लिहून घेतला. ज्ञानदेव दोन दिवस रुसले आणि तिसऱ्या दिवशी, हा रंग उन्हात लवकर उतरत नाही म्हणे, असं स्वतःच लोकांना सांगायला लागले.

रंगाच्या आदल्या दिवशी शेवटची तपासणी झाली. गिरजाबाईंनी सगळी गाडी डोक्यापासून पायापर्यंत हाताखालून घातली आणि ठीक आहे म्हणून सांगितलं. मग बुद्धरत्नाने सुरुवात केली. डोळे मिटून तो बॉनेटवरून दरवाजावर, दरवाजावरून हौद्याच्या कडेवर गेला. उजव्या मडगार्डच्या खालच्या वळणावर तो थबकला. पुन्हा मागे आला.

"आई, इथे काहीतरी आहे."

"तिथं न्हाई काही. मी बघितलंय."

"बघ तरी."

गिरजाबाई वाकल्या, बोटांची मुळं टेकवली. नव्हतं. पुन्हा हात फिरवला, या वेळी अगदी सावकाश. होतं. केसाएवढा दबका होता, जोडाच्या शेजारी. त्या सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी खडू काढून मुलाच्या हातात दिला. बुद्धरत्नाने गोल काढला. जरा वाकडाच आला. मारुतराव हसत होते. गिरजाबाईंनी ठोकळा मागितला आणि कामाला लागल्या, पण त्यांचं लक्ष त्या दबक्यात नव्हतं. पोराच्या हाताला लागलं, पोराच्या हाताला लागलं, एवढंच त्यांच्या मनात चाललं होतं, आणि तो एवढासा दबका काढायला त्यांना तासभर लागला.

मारुतरावांच्या ओळखीच्या पेंटरने दोन दिवसांत रंग मारला. इंजिनाचं आणि ब्रेकचं काम बुद्धरत्नाने दुसऱ्या गॅरेजात करून घेतलं होतं. आरटीओला तीन खेपा झाल्या, चौथ्या खेपेला गाडी पास झाली. पहिल्या दिवशी ते तिघं गाडी घेऊन पुनावळ्याला गेले. गिरजाबाई खिडकीशी बसल्या होत्या आणि ज्ञानदेव मध्ये, गुडघे गिअरपासून आवरून. नर्सरीच्या जागी पाया खणलेला होता. आजोबा शेजारच्या सोसायटीत लेकाकडे राहत होते, ते लिफ्टने खाली आले. त्यांनी गाडीकडे बघितलं, मग नंबरप्लेटकडे, मग पुन्हा गाडीकडे.

"हीच व्हय?" त्यांनी विचारलं.

"हीच," बुद्धरत्न म्हणाला. "आईनं केली."

आजोबांनी गिरजाबाईंना नमस्कार केला. त्यांनी ओशाळून पदर सावरला आणि नमस्कार परत केला. मग आजोबांना पुढच्या सीटवर बसवून बुद्धरत्नाने सोसायटीला दोन चकरा मारल्या. तेवढा वेळ ज्ञानदेव फाटकाच्या वॉचमनला रंगाविषयी सांगत होते.

याला आता वर्ष होत आलं. गिरजाबाई आठवड्यातून तीन दिवस शेडवर असतात. जुन्या गाड्यांची हौस असलेल्या एका चिंचवडच्या माणसाने आपल्या मोटारीचं मडगार्ड आणून दिलं, त्याने दुसऱ्याला सांगितलं, अशी कामं येत राहतात. घाईचं काम त्या घेत नाहीत. मारुतराव आता कमी बोलतात, कारण सांगण्यासारखं फारसं उरलेलं नाही, पण खुर्ची सोडत नाहीत. सुट्टीच्या दिवशी बुद्धरत्न येतो आणि आईच्या समोर बसून घासतो.

पिकअपची त्याला अजून काळजी वाटते. तो तिला कापड घालून ठेवतो. गल्लीत मात्र कुणाचं घर बदलायचं असलं, कुणाच्या लग्नाची भांडी आणायची असली की माणसं बुद्धरत्नाकडे न जाता गिरजाबाईंकडे येतात. गेल्या रविवारी मिनलच्या ऑफिसातल्या मोनिकाला एक लोखंडी कपाट न्यायचं होतं. कपाट हौद्याला घासेल, कडा खरचटतील, असं बुद्धरत्न म्हणत होता. गिरजाबाईंनी कापड काढून घडी घातली, हौद्यात जुनी गोधडी पसरली आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"जा की," त्या म्हणाल्या. "ती वाट बघत असंल."